भागामावशीचा पासपोर्ट

पंच्याहत्तर सालच्या मे महिन्यात मी नाशिक सोडलं. भर दुपारी, नाशिकरोड स्टेशनावर, नव्या कोऱ्या पातळात घामाघूम होऊन. मुंबईकडे जाणारी गाडी उशिरा धावत होती. निरोपाचं सगळं बोलून झालं तरी गाडी येईना, तेव्हा माणसं पहिल्यापासून तेच पुन्हा बोलू लागली. आमच्या वसाहतीतली वीसेक माणसं आली होती. गल्लीतली पोरगी विमानात बसणार, ही काय साधी गोष्ट होती का! आई एकसारखी माझ्या पिशवीत डोकावून लोणच्याची बरणी सांडली नाही ना ते बघत होती. वडील पोस्टमन, खाकी कपड्यांतच आलेले. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "हे बघ, कुणी विचारलं तर लपवायचं नाही. आणि विचारलं नाही तर सांगत सुटायचं नाही." काय लपवायचं नाही, ते सांगायची गरज नव्हती. आम्ही बौद्ध. मी सात वर्षांची असताना घरातले देव गेले आणि भिंतीवर दोन तसबिरी आल्या, एक बुद्धाची आणि दुसरी कोणाची ते आमच्या घरात लहान पोरालाही विचारावं लागत नाही.

गाडी दिसायला लागली तेव्हा भागामावशी गर्दीतून पुढे आली. ही माझी सख्खी मावशी नव्हे. शेजारच्या दारातली, मूळची इगतपुरीकडची. नवरा लवकर गेला, पदरात एकच मुलगी, कमल. मावशी एका इस्पितळात आया होती. तीस वर्षं तिने पेशंटांची भांडी उचलली, आणि आम्हा दोघींना नर्सिंगला घालायचं डोकंही तिचंच. "आया झालात तर जल्मभर भांडी उचलाल," ती म्हणायची. "शिष्टर झालात तर डाक्तर बी म्हनंल, शिष्टर, जरा इकडं या." कमल माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिचं लग्न एका इंजिनिअरशी झालं आणि माझ्या दोन वर्षं आधी ती नवऱ्याबरोबर मलेशियात पिनांगला गेली. मावशीच्या लेखी परदेश म्हणजे एकच गाव. तिने माझा हात धरून विचारलं, "सुनंदे, मस्कतहून कमळीचं घर लय लांब नाय ना गं?" एक पश्चिमेला आणि एक पूर्वेला, पण गाडी फलाटावर आली होती आणि भूगोल शिकवायची ती वेळ नव्हती. मी म्हटलं, नाही गं, जवळच आहे.

मस्कतला पहिलं वर्ष मी रडून काढलं आणि दुसरं ओव्हरटाइम करून. खोलीत आम्ही तिघी नर्स होतो, दोघी मल्याळी आणि मी. मराठी बोलायला कोणी नव्हतं, म्हणून स्वयंपाक करताना मी स्वतःशीच मोठ्याने बोलायचे. त्या दोघींना वाटायचं, मी मंत्र म्हणते. हळूहळू रोस्टर, शिफ्ट, व्हेकेशन, एसी या शब्दांतच माझे दिवस बसायला लागले आणि नाशिक दोन वर्षांतून एकदा सहा आठवडे भेटणारं ठिकाण झालं. गेलेल्यांना हे माहीत आहे. राहिलेल्यांना वाटतं आम्ही मजेत असतो, आणि फोटोत आम्ही तसेच दिसतो, हेही खरं.

ब्याऐंशी साली रजेवर घरी आले तर वसाहतीत एकच विषय होता. भागामावशीचा पासपोर्ट झाला होता! माझ्या धाकट्या भावाने तिच्यासाठी खेटे घातले होते. अंगठा लावायला ती तयार नव्हती, म्हणून महिनाभर पाटीवर गिरवून ती सही शिकली. फोटोत तिने डोळे इतके ताणून उघडले होते की ती कुणावर तरी ओरडते आहे असं वाटावं. कमलच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ ठरलेली असायची, 'एकदा इकडे ये, तुला सगळं दाखवते.' आपण सगळेच ती ओळ लिहितो. मावशीने ती खरी मानली होती. सहा वर्षांचा नातू तिने अजून पाहिला नव्हता. दिवाळीनंतर जायचं तिने ठरवूनही टाकलं होतं.

मी आठवडाभर पिनांगला जाऊन परत नाशिकला येणार होते. मावशीने मला बजावलं, "पत्रात काय लिवून घेतलं नाय मी. तू तोंडानं सांग. आन तिचं तोंड कसं व्हतंय ते नीट बघ आन मला येऊन सांग." काळा मसाला, कुरडया आणि हाताने शिवलेली गोधडी माझ्या बॅगेत कोंबून तिने मला पाठवलं.

कमलच्या दारावर 'देवळेकर' अशी पाटी होती. त्यात नवल नव्हतं. तिचा नवरा वसंतराव देवळ्याचा, आणि आमच्यातल्या पुष्कळांनी गावावरून आडनावं घेतली आहेत. दार त्यांनीच उघडलं. मी सवयीने मोठ्याने म्हटलं, "जयभीम, भाऊजी!" त्यांनी माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "या, या. नमस्कार." घर छान होतं, सोफा, टीव्ही, काचेच्या कपाटात गणपती. भिंतीवर तसबिरी नव्हत्या, ना पहिली ना दुसरी. मला ते खटकलं, पण प्रवासाने डोकं जड झालं होतं आणि कमल माझ्या गळ्यात पडून रडत होती, तेव्हा मीही रडले आणि तो विषय मागे पडला. पासपोर्टचं मी त्या संध्याकाळी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शहर बघायला जायचं होतं. तिथं छानशा हॉटेलात जेवताना सांगावं आणि तिला जागेवर उडी मारायला लावावी, असा माझा बेत. मला सरप्राइझचा भारी सोस!

"उद्या लेलेवहिनी येणारेत बरोबर," झोपताना कमल म्हणाली. "लेले ह्यांचे साहेब आहेत कापडगिरणीत. वहिनी फार चांगल्या आहेत गं. तू माझी नर्सिंगची मैत्रीण, एवढंच मी सांगितलंय." एवढंच म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

सकाळी पोराला शाळेत धाडून आम्ही निघालो, आणि पहिला धक्का बसला तो कमलला गाडी चालवताना बघून. आमच्या गल्लीत सायकल शिकताना हिने दोन कोंबड्या आणि एक म्हातारा पाडला होता! गिरणी आणि घरं खाडीच्या अलीकडे, पिनांग शहर बेटावर, आणि मध्ये फेरीबोट. गाडीसकट आम्ही बोटीत चढलो. आजूबाजूला डोक्यावरून रुमाल घेतलेल्या मलायी बायका, निळ्या झग्यातल्या चिनी शाळकरी मुली, कपाळाला विभूती लावलेले तमिळ मजूर, एक धिप्पाड सरदारजी. सगळे एकमेकांना खेटून उभे, आणि कोणी कोणाकडे बघतही नव्हतं. मी अगदी खूश झाले. मस्कतला आम्ही परक्यांत परके होतो, इथे तर सगळा गावच परक्यांचा वाटत होता.

लेलेवहिनी पन्नाशीच्या, गोऱ्या, हसतमुख, मांडीवर थालीपिठांचा डबा. त्यांनी गाडीत चढल्याचढल्या मला जवळ बसवून घेतलं आणि थालीपीठ हातात दिलं. "नाशिकला कुठं हो तुम्ही?"

"गंगापूर रोडला," कमल म्हणाली. उत्तर मी द्यायचं होतं, पण तिने दिलं, समोरच्या काचेकडे बघत. मी जन्मात कधी त्या बंगलेवाल्या गंगापूर रोडला राहिलेले नाही.

"अय्या, आमच्या आत्या तिकडेच! आडनाव काय म्हणालात?"

"वहिनी, चला ना, कठड्यापाशी वारा छान लागतो," म्हणत कमल गाडीतून उतरलीसुद्धा.

मी थालीपीठ हातात धरून बसून राहिले. पगारे. तीन अक्षरांचं माझं आडनाव, आणि नाशिकची कोणतीही बाई ते ऐकून पुढचं सगळं मनात लिहून मोकळी होते, हे मला ठाऊक होतं. पण नाशिकहून इतकं लांब, समुद्राच्या मधोमध, एका बोटीत? माझा विश्वासच बसेना.

बेटावर पहिल्यांदा त्यांनी मला सापांच्या देवळात नेलं. हे आधी ऐकलं असतं तर मी गेलेच नसते. मला वाटलं, सापाची मूर्ती असेल, वारूळ असेल. आत उदबत्त्यांचा धूर कोंडलेला, आणि त्या धुरात, देवापुढच्या टेबलावर, फुलदाणीतल्या काटक्यांवर, समईच्या दांड्याला वेढे घालून, खरेखुरे जिवंत साप! हिरवे, पिवळे पट्टेवाले, चपट्या तोंडाचे. माणसं त्यांच्यामधून हात घालून उदबत्त्या खोचत होती. एक चिनी म्हातारी सापाच्या शेजारी अंड्यांची परडी ठेवून शांतपणे डोळे मिटून उभी होती. मी ज्या खांबाला टेकले त्याच्यावरही एक निघाला, माझ्या पदरापासून वीतभर. मी जी किंकाळी फोडली ती ऐकून पुजारी धावत आला. "धुराने गुंगीत असतात हो," वहिनी मला समजावत होत्या, आणि कमल आणि मी एकमेकींना घट्ट धरून हसत सुटलो, पोट दुखेपर्यंत, विहाराच्या ओट्यावर हसायचो तशा. बोटीवरचं मी तेवढ्यापुरतं विसरून गेले.

जेवायला तमिळ वस्तीत गेलो. केळीच्या पानावर भात, सांबार, कारल्याचे तळलेले काप. बाहेर फुलांच्या गजऱ्यांची दुकानं, शेजारी मशीद, पलीकडे चिनी शिंप्याचं दुकान. मी पाणी प्यायले, हात पुसले आणि मनाशी म्हटलं, आता सांगते. "कमल," मी म्हटलं, "मी एक बातमी आणलीय. नाशिकहून."

तेवढ्यात वहिनींनी माझ्या पानात पापड ठेवला आणि कळवळून म्हणाल्या, "हो, हिला नाशिकचं काहीबाही सांगत जा हो. हिला तिकडचं कोण आहे दुसरं? बिचारी आईवेगळी पोर. आठ वर्षांची होती म्हणे, आई गेली तेव्हा. म्हणून तर मी हिचं बाळंतपण केलं. म्हटलं, आई नाही तर काय झालं, मी आहे."

मी कमलकडे पाहिलं. ती पानावरचा भात कालवत होती, नुसता कालवत होती. टेबलाखालून तिचा डावा हात आला आणि माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. दोन आठवड्यांपूर्वी मी तिच्या आईच्या हातची भाकरी खाल्ली होती. तिच्या आईने स्टोव्हपाशी बसून मला सही करून दाखवली होती. आणि इथे ती पंचवीस-सत्तावीस वर्षांपूर्वीच मेलेली होती.

"काय बातमी हो?" वहिनींनी विचारलं.

"गोदेला यंदा पूर मोठा आला होता," मी म्हटलं. तोंडाला आलं ते बोलले.

त्यानंतर दीडेक तास काय पाहिलं ते मला आठवत नाही. एक डोंगर होता, दोरावर चालणारी रेल्वे होती, थंड वारा होता. मग आम्ही निजलेल्या बुद्धाच्या देवळात गेलो आणि तिथे मी जागी झाले. केवढी ती मूर्ती! शंभर पावलं चाललं तरी संपेना. उजव्या कुशीवर, हात उशाला, अंगभर सोनेरी. लहानपणी पांडवलेण्यांत अंधारात दगडी बुद्ध बघितलेले, त्यांच्यापाशी आम्हीच काय ते मेणबत्त्या लावायचो. इथे आख्खं गाव रांग लावून उभं होतं, सूटबूटवाले, रिक्षावाले, कडेवर मुलं घेतलेल्या बाया. आमच्या वसाहतीतल्या एकाला जरी हे दाखवता आलं असतं! आमचा बुद्ध, ज्याच्यामुळे आम्हाला खोली भाड्याने मिळत नव्हती, त्याच्यापुढे इथे दुकानदार आणि पोलीस गुडघे टेकत होते. आणि या गावात कमल भिंतीवर त्याची तसबीर लावत नव्हती, चार-पाच मराठी घरांना भिऊन.

वहिनींचे पाय दुखत होते, त्या दाराशी बाकावर बसल्या. कमल आणि मी मूर्तीच्या पाठीमागे गेलो. तिथे बोळासारखी जागा होती आणि भिंतीत वरपासून खालपर्यंत लहान लहान कोनाडे. प्रत्येकात अस्थींचा कलश आणि पुढे त्या माणसाचा फोटो.

"कधी गेली गं तुझी आई?" मी म्हटलं. "तारीख सांग. नाशिकला जाऊन तिला कळवते."

"हळू बोल."

"कुणाला कळतंय मराठी इथं? हे सगळे मेलेत."

ती भिंतीला टेकली. "पहिल्या महिन्यात वहिनी हळदीकुंकवाला बोलवायला आल्या. माहेर कुठलं, नाशकात कुठं, कोणाच्या तुम्ही, वडील काय करायचे, आईचं माहेर कुठलं. एका उत्तरातून दुसरा प्रश्न. ह्यांनी आधीच बजावलं होतं, सगळी मराठी घरं त्यांच्यातली आहेत, जपून बोल. मला घाम फुटला गं. मग त्या म्हणाल्या, आई काय करतात? आणि मी म्हटलं, आई नाही. सुनंदा, आई नाही म्हटल्याबरोबर सगळे प्रश्न थांबले. त्यांनी मला पोटाशी धरलं."

"मग नंतर सांगायचं होतंस."

"कधी? सव्वा महिना त्यांनी मला न्हाऊमाखू घातलंय, माझे पाय चेपलेत. तेव्हा सांगू, की माझी आई आहे आणि हॉस्पिटलात भांडी उचलते?"

"तिचा पासपोर्ट झालाय," मी म्हटलं. "दिवाळीनंतर येतेय ती."

मावशीने सांगितल्याप्रमाणे मी तिचं तोंड नीट बघितलं. आधी आनंद आला. खरंच आला, मी शपथेवर सांगते, डोळे मोठे झाले, ओठ उघडले, लहानपणची कमळी दिसली. मग तो आनंद तिथल्या तिथे विझला आणि ती घाबरली. आईला घाबरणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्यात. आई येईल म्हणून अशी पांढरी पडलेली ही पहिलीच.

"तिला येऊ देऊ नकोस," तिने माझे दोन्ही हात धरले. "काहीही सांग. पाणी मानवणार नाही म्हणून सांग. साप आहेत म्हणून सांग."

मला इतका संताप आला की मी तिला नाही नाही ते बोलले. ते इथे लिहीत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "तुझ्या बिल्ल्यावर काय लिहिलंय गं मस्कतला? तू फोटो पाठवला होतास. 'सिस्टर सुनंदा.' बाकीच्यांची दोन-दोन नावं होती. तुझंच आडनाव कुठं गेलं?"

विचारलं नाही तर सांगत सुटायचं नाही, हे वडिलांचं अर्धं वाक्य मी सात वर्षं छातीवर लावून फिरत होते.

बाहेर आलो तर दाराशी एक वृद्ध भिक्षुणी कमळाच्या कळ्या देत होती. डोकं भादरलेलं, तोंडात दात नाहीत. तिने आम्हा तिघींकडे बघून विचारलं, "बुद्धिस्ट?"

"नो, नो," वहिनी हसून म्हणाल्या. "हिंदू. ऑल हिंदू."

"येस," मी म्हटलं. "आय ॲम बुद्धिस्ट." आणि कळी घेतली.

वहिनींचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागचं काहीतरी बदललं. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "हो का? मला वाटलं..." मग कमलकडे वळून, "तुमची ओळख नर्सिंगचीच ना?"

त्या एका क्षणात कमलचं सगळं घर माझ्या हातात होतं. एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. कमल माझ्याकडे बघत नव्हती. "नर्सिंगचीच," मी म्हटलं. "त्याआधी आम्ही एकमेकींना ओळखतही नव्हतो."

"आम्ही तसलं काही मानत नाही हं, सुनंदाताई," वहिनी म्हणाल्या. हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना मी काही समजावून सांगायला नको. परतीच्या बोटीत त्या कमलशीच बोलत राहिल्या. थालीपिठांचा डबा सकाळी मांडीवर होता, तो आता पिशवीत गेला होता. कदाचित थालीपिठं संपली असतील, मी उगाच वाईट अर्थ काढते आहे, असं मी स्वतःला सांगत होते. मी कमलच्या तोंडाकडे बघत होते. माझ्या बाजूने एक शब्द, निदान 'सुनंदा, तुला थंडी वाजतेय का' एवढं तरी. तिने स्टिअरिंगवरचे हात हलवले नाहीत. ठरल्यापेक्षा चार दिवस आधी मी परत निघाले आणि विमानतळावर आम्ही एकमेकींना नीट भेटलोही नाही.

नाशिकला मावशी दाराशीच उभी होती. वाटेत मी सगळं घोकलं होतं. तिथली हवा दमट, तुझा दमा वाढेल. कमलला पोराचं आणि घराचंच उरकत नाही, तुझ्याकडे बघायला कोण? तिला तर किती वाटतंय तू यावंस, रडली गं, पण तिथलं पाणी. मावशी, तुझ्याच काळजीने नको म्हणते ती. मी गोड आवाजात बोलत राहिले आणि मावशी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तीस वर्सं हास्पिटलात काढली म्या," शेवटी ती म्हणाली. "डाक्तर पेशंटच्या मानसांशी लय गोड बोलाया लागला का आमी आया समजून जायचो. जाऊ दे. पोरगं कसं दिसतं त्ये सांग."

मी सांगितलं. नाक तिच्यावर गेलंय, म्हटलं. ते मात्र खरं होतं.

मस्कतला परतल्यावर मी बिल्ला बदलून मागितला, 'सुनंदा पगारे'. मोठं शौर्य केलं असं कोणी समजू नये. मल्याळी मेट्रनला पगारे म्हणजे काय, हे कळायचा संबंधच नव्हता, आणि तिथल्या मराठी मंडळाकडे मी फिरकतच नव्हते. कमलला मी पत्र लिहिणं बंद केलं. तिची दोन आली, ती मी फोडली नाहीत. चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत मी तिला मनातल्या मनात किती भाषणं ठोकली असतील!

शहाऐंशीच्या जुलैत भावाची तार आली. भागामावशी गेली. इस्पितळातच गेली, तिच्याच वॉर्डात, दोन दिवसांच्या तापाने. मी ड्यूटीवरून आले आणि स्वयंपाकघरात फरशीवर बसून रडले. खोलीतल्या मुलींनी विचारलं, कोण? मी म्हटलं, मावशी. त्यांनी मला चहा करून दिला, त्यातली एक माझ्यासाठी ड्यूटीवर गेली. मी सकाळपर्यंत रडले आणि मग दुसऱ्या दिवशीही.

त्या दुसऱ्या दिवशी दुपारी मेट्रनच्या ऑफिसातून निरोप आला, मलेशियाहून फोन आहे. मी गेले. पलीकडून बराच वेळ नुसती खरखर. मग कमलचा आवाज, अगदी बारीक.

"तार मिळाली?"

"मिळाली," मी म्हटलं.

"वहिनी बाहेरच्या खोलीत आहेत. काल तार आली तेव्हा त्या घरातच होत्या. मी खाली बसले तर त्यांनी विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, नाशिकची मावशी. काल दिवसभर त्यांनी मला पाणी दिलं, समजूत घातली. आज सकाळी म्हणाल्या, पुरे आता कमल, मावशीच ना. उद्या त्यांच्या घरी पूजा आहे, मला मोदक करायला जायचंय." पुन्हा खरखर. "सुनंदा, तू सांग. मावशी गेली तर किती दिवस रडलेलं चालतं गं?"

चार वर्षांची भाषणं माझ्याजवळ तयार होती. त्यातलं एकही मला आठवेना. मेट्रन दाराशी उभी राहून घड्याळ दाखवत होती.

घर म्हणजे काय, असं आता मला लोक विचारतात, तुम्ही नाशिकच्या की मस्कतच्या. वसाहतीतली ती दोन दारं अजून आहेत, एकात भावाचा संसार आहे आणि एकाला दुसऱ्याच कुणाचं कुलूप. मी त्यांना काय सांगू? मला एवढंच कळतं की त्या दिवशी साऱ्या पिनांगमध्ये कमलला नवऱ्याखेरीज एकही माणूस नव्हतं, ज्याला माहीत होतं की तिची आई परवापर्यंत जिवंत होती. आणि वसंतराव तर हळू बोल, हळू बोल म्हणणारे. म्हणून तिने मला फोन केला.

"मी तिला मावशीच म्हणायचे," मी म्हटलं. "आणि मी अजून रडतेय. तू रड."

"वहिनी ऐकतील."

"ऐकू देत. सुनंदा रडतेय म्हणून मी रडतेय, असं सांग."

मग ती मोठ्याने रडली, आणि मी खुर्ची ओढून मेट्रनच्या टेबलापाशी बसले.